राणी हिराई

कल्पित कथांमध्ये राणी होण्याचे प्रसंग मोठे गमतीचे असतात. एखादी रानातली मुलगी झोपेतून उठते, तो मुकुट घेऊन प्रधान दाराशी उभा! मग तिला जादूची तलवार मिळते आणि संकटे एकामागून एक पळून जातात. विदर्भाच्या इतिहासातही, कोणाच्या ध्यानीमनी नसता, राज्याचा भार शिरावर आलेली एक राणी होऊन गेली. तिच्यापाशी जादू मात्र नव्हती.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. वणीकडून ती ओलांडली, की चंद्रपूर जिल्हा लागतो. आज ही नदी दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पण पूर्वी वणीकडील काही मुलूखही चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेखाली होता. चांदा म्हणजेच आजचे चंद्रपूर. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बीरशहा हा राजा राज्य करीत होता. हिराई ही त्याची राणी.

राजाराणीस एक कन्या होती, पुत्र नव्हता. गादीला पुत्र हवाच, अशी त्या काळची समजूत. म्हणून राजाने दुसरा विवाह करण्याचे ठरविले, असे परंपरा सांगते. नगर शृंगारले गेले, वाद्ये वाजू लागली. जिच्या डोळ्यांदेखत नवी राणी घरात यावयाची होती, त्या हिराईची मनःस्थिती कल्पनेनेच जाणावी. परंतु विवाहाच्या त्या धामधुमीतच हिरामण नावाच्या सेवकाने राजावर शस्त्र चालविले. राजा जागीच ठार झाला. ही घटना इ. स. १७०४ च्या सुमाराची.

क्षणात सारे पालटले. राजा नाही, वारस नाही! काळही मोठा कठीण होता. दक्षिणेत औरंगजेब बादशहाच्या फौजा मराठ्यांशी झुंजत होत्या आणि उत्तरेस देवगडचे राज्य होते. त्या राज्याशी चांद्याचे पूर्वीपासूनच वैर. गादी रिकामी राहिली असती, तर चांद्याचे राज्य टिकणे अवघड होते.

अशा वेळी हिराई शोक करीत अंतःपुरात बसून राहिली नाही. राजघराण्याच्या नात्यातील रामशहा हा मुलगा तिने चंदनखेड्याहून आणून दत्तक घेतला. मुलगा लहान होता. तो जाणता होईपर्यंत राज्यकारभार तिने स्वतः पाहिला. आणि तोही वर्ष दोन वर्षे नव्हे, सुमारे पंधरा वर्षे! ज्या स्त्रीला पुत्र नाही म्हणून राजा दुसरी राणी आणू पाहत होता, तिनेच त्याची गादी सांभाळली.

या काळात तिने बांधकामेही पुष्कळ करविली. चंद्रपूरचे महाकालीचे मंदिर तिने उभारले. अचलेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. अचलेश्वराजवळच तिने बीरशहाची समाधी बांधविली. गोंड राजांच्या तेथील समाध्यांत ती सर्वांत भव्य आहे. शहाजहानने मुमताजसाठी ताजमहाल बांधला, हे मुलांना पाठ असते. पण पतीसाठी पत्नीने उभारलेली ही वास्तू वर्धा नदीच्या इतक्या जवळ असूनही फार थोड्यांना ठाऊक आहे.

इ. स. १७१९ च्या सुमारास रामशहा कारभार पाहू लागला. त्याच्यामागून नीलकंठशहा गादीवर आला आणि १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य जिंकून घेतले. राज्य गेले, पण हिराईने बांधलेल्या वास्तू राहिल्या. चैत्रात महाकालीची मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांतून लोक येतात, झरपट नदीत स्नान करतात आणि राणीने बांधलेल्या त्या मंदिराच्या दाराशी रांग लावून उभे राहतात.