बाळ वाढतं, तशा पाजण्याच्या वेळा बदलतात



पौष-माघात आपल्या निफाड, येवला, चांदवडकडं उन्हाळ कांद्याच्या लागणीची घाई असते. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली, झोळीत बाळ आणि आई वाफ्यात वाकलेली, हे चित्र तुमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. अशाच एका बांधावर एक बाई भेटली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी होती. बाईचा चेहरा पांढुरका दिसला, म्हणून विचारपूस केली. ती म्हणाली, "ताई, बाळंतपणापासून पाळीच आली नाही. अंगावर पाजतेय ना, मग कशाला येतेय?"

तपासणी केली, तर तिला तिसरा महिना चालू होता. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्या वेळी पाजतीपणी दिवस राहत नव्हते हो!"

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या सुनेवर ही पाळी आली. ते पुरतं समजून घ्यायचं, तर आधी एक साधा प्रश्न विचारू या : बाळाला किती वेळा पाजावं?

दूध विहिरीसारखं असतं

विहीर उपसली नाही, तर झरे बुजतात. उपसत राहिलं, तर पाणी येत राहतं. आईच्या दुधाचंही तसंच आहे. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दूध तयार करणारा रस रक्तात वाढतो. हा रस रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये.

"माझं दूध पुरत नाही" असं वाटून वरचं दूध सुरू केलं, की बाळ अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी होतं. मग खरंच पुरत नाही. पुष्कळ घरांत दूध आटतं ते असं. नजर लागल्यानं दूध आटत नाही.

कोणत्या वयात किती वेळा?

घड्याळ लावून पाजू नये. बाळ मागेल तेव्हा पाजावं. बाळ रडलं म्हणजेच भूक लागली, असं नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडून मान इकडंतिकडं फिरवतं, मूठ चोखतं. तेव्हाच पदराखाली घ्यावं. तरीही अंदाज असावा म्हणून पुढचे आकडे दिले आहेत.

१. पहिला दिवस : जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावा. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून फेकू नका. एका वेळी चमचाभर चीकसुद्धा बाळाला पुरतो आणि रोगांपासून त्याचं रक्षण करतो. मधाचं बोट, साखरपाणी, गुटी यांपैकी काहीही देऊ नका.

२. पहिला महिना : २४ तासांत ८ ते १२ वेळा, म्हणजे साधारण दर २ ते ३ तासांनी. काही बाळं झोपाळू असतात. ती मागत नाहीत, म्हणून भूक नाही असं समजू नका. जन्माचं वजन भरून येईपर्यंत ३ तास झाले की बाळाला उठवून पाजा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

३. दुसरा व तिसरा महिना : ८ ते १० वेळा. सुमारे तीन आठवडे, दीड महिना आणि तीन महिने या सुमारास बाळ अचानक दोन-तीन दिवस सारखं मागू लागतं. बाळ वाढीला लागलेलं असतं आणि ते जास्त दूध मागून घेत असतं. या दिवसांत घाबरून डबा उघडू नका. मागेल तितकं पाजा. दोन-तीन दिवसांत दूध वाढतं.

४. चौथा ते सहावा महिना : ६ ते ८ वेळा. आता बाळ पटापट पितं. पूर्वी जे २० मिनिटं घ्यायचं, ते आता १० मिनिटांत उरकतं. याचा अर्थ दूध आटलं असा नाही. या काळातही वरचं पाणी नको. चैत्र-वैशाखाच्या उन्हातसुद्धा नको. आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतं. तहान लागली तर जास्त वेळा पाजा आणि पाणी आईनं प्यावं.

५. सहा महिने पूर्ण झाल्यावर : उष्टावण करा आणि वरचं खाणं सुरू करा. नागलीची पेज, मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं, भाजी, तेल-तुपाचा थेंब असं सुरुवातीला दिवसातून २-३ वेळा द्या. नऊ महिन्यांपासून खाणं ३-४ वेळा करा. अंगावरचं दूध ४ ते ६ वेळा चालू ठेवा. पहिलं वर्षभर बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद दुधातूनच येते.

६. एक ते दोन वर्षं : घरचं जेवण आणि ३-४ वेळा अंगावरचं दूध. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढंही पाजता येतं.

हे अंदाज आहेत. एखादं बाळ दोन वेळा जास्त मागेल, एखादं कमी. शेजारच्या बाळाशी तुलना नको.

पोट भरलं, हे कसं ओळखावं?

बाळ बोलत नाही, पण त्याची दुपटी बोलतात. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा दुपटं ओलं व्हावं. काळी शी जाऊन शी पिवळी व्हावी. दीड महिन्यानंतर एखादं बाळ दोन-तीन दिवस शी करत नाही. बाळ खेळतं आहे, पितं आहे आणि शी मऊ होते आहे, तर काळजी नको. सगळ्यात पक्की खूण म्हणजे वजन. अंगणवाडीत दरमहा वजन करून कार्डावर लिहून घ्या.

पाजताना एका बाजूचं दूध पुरतं पिऊ द्या, मग दुसरी बाजू द्या. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं. बाळाच्या तोंडात फक्त बोंड नको, भोवतालचा काळा भागही जावा. दुखलं तर बाळाला सोडवून पुन्हा नीट लावा.

बाळ ओढत नाही, मलूल पडलं, लघवी कमी झाली, अंग तापलं किंवा गार पडलं, तर वाट पाहू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आता सासूबाईंचं अर्धं खरं

बाळ वारंवार ओढतं, तेव्हा आईच्या बीजकोशाचं काम थांबलेलं राहतं. बीज तयार होत नाही, पाळी येत नाही आणि दिवस राहत नाहीत. पूर्वीच्या बायांचा हा अनुभव खरा होता. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ या गावी जगातले तज्ज्ञ जमले आणि त्यांनी त्याला शास्त्राचा आधार दिला. पण ही राखण तीन अटींवर चालते :

पहिली अट : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं.

दुसरी अट : बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी.

तिसरी अट : बाळाला फक्त अंगावरचंच दूध, तेही दिवसा व रात्री मागेल तेव्हा. दोन पाजण्यांत दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर नको.

तिन्ही अटी पाळल्या, तर १०० पैकी ९८ बायांना या सहा महिन्यांत दिवस राहत नाहीत. तिन्हीपैकी एक जरी मोडली, तर भरवसा संपला.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. सुरुवातीला १२ वेळा पिणारं बाळ पुढं ८ वर येतं, मग ६ वर, मग ४ वर. बाळ वाढतं आहे, खातं आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पाजण्याच्या वेळा कमी होतात, तशी आईची राखणही कमी होते. बाळाची उष्टावण झाली, त्या दिवशी दुधाची राखण उठली, असं समजा.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. बीज आधी तयार होतं, पाळी मागून येते. म्हणून पाळी न येताच दिवस राहू शकतात. बांधावरच्या त्या बाईचं असंच झालं. ती पाळीची वाट पाहत राहिली.

कामावर जाणाऱ्या आईनं काय करावं?

कांद्याची लागण असो, दिंडोरीकडं द्राक्षाची विरळणी असो, की इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची भाताची आवणी असो, आई सकाळी नऊला गेली आणि पाचला आली, तर मध्ये आठ तास जातात. तिसरी अट तिथंच मोडते.

जमेल तर बाळ बरोबर न्या आणि दर दोन-तीन तासांनी बांधावर येऊन पाजा. निघण्याआधी आणि आल्याबरोबर पाजा. रात्री जास्त वेळा पाजा. बाळ घरी ठेवायचं असेल, तर हात धुऊन स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवा. थंड जागी ठेवून ते चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही आणि जुलाब लागतात. बाटली व डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही.

काढून ठेवलेल्या दुधानं बाळाचं पोट भरतं. पण बाळानं ओढल्यानं आईची जशी राखण होते, तशी दूध काढून ठेवल्यानं होत नाही. म्हणून कामावर जाणाऱ्या आईनं साधन वापरावंच.

साधन कोणतं? दूध कमी होईल का?

ही भीती सगळ्यांच्या मनात असते. पुढची साधनं पाजणाऱ्या आईला चालतात. त्यांनी दूध कमी होत नाही.

निरोध : केव्हाही. उपकेंद्रात व आशाताईंकडं मिळतो.

तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर दीड महिन्यानंतर बसवता येते. नको झाली की काढता येते.

छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.

अंतरा इंजेक्शन : बाळ दीड महिन्याचं झाल्यावर, दर तीन महिन्यांनी. पाळी पुढंमागं होऊ शकते, त्याला घाबरू नये.

माला-एन गोळी मात्र पाजत्या आईनं पहिले सहा महिने घेऊ नये.

दीड महिन्याला बाळाला लस टोचायला तुम्ही येणारच आहात. त्याच दिवशी स्वतःसाठीही विचारा. ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोणतं आपल्याला चालेल, ते तपासणी करून ठरवा. ज्यांना आणखी मूल नकोच आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी असते, मात्र नंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो.

बंधूंनो, हे तुमच्यासाठी

बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं तरी पुन्हा दिवस राहू नयेत. आईच्या अंगात रक्त भरायला आणि मांडीवरच्या बाळाला पुरतं दूध मिळायला तेवढा काळ लागतो. साधनाचा विचार बायकोनं एकटीनं करायचा नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात चला. पाजत्या बाईला भूक जास्त लागते. तिच्या ताटात एक भाकरी, वाटीभर डाळ, पालेभाजी जास्त वाढा. सहा महिने लोहाच्या गोळ्या ती घेते का, ते पाहा. ती पाजत असेल, तेव्हा पाण्याची घागर तुम्ही आणा.

ज्या बाईची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिनं विचारलं, "आता हिला पाजणं बंद करू का?" तसं एकदम बंद करायची गरज नसते. आईनं नीट जेवावं, तपासणीला यावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाजत राहावं. तिच्या सासूबाई त्या दिवशी उठताना म्हणाल्या, "धाकट्या सुनेला हे आधीच सांगते."

तुम्हीही सांगा. हा कागद वाचून झाला की घडी करून ठेवू नका. शेजारच्या बाळंतिणीला द्या, वाचता येत नसेल तिला वाचून दाखवा.

लक्षात ठेवा :
पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मागेल तितक्या वेळा.
सहा महिन्यांनंतर दूध आणि खाणं दोन्ही.
तीनपैकी एक अट मोडली, की साधन वापरा. पाळीची वाट पाहू नका.

अधिक माहितीसाठी आपल्या गावच्या आशाताईंना, आरोग्य सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला भेटा.