चार मीपो, जीव एक

प्रश्न : मी माजरीचा. डोटा २ या गेममध्ये मीपो खेळतो. टीमची मारामारी सुरू झाली की एखादा मीपो कोपऱ्यात मरतो आणि सगळेच जातात. काय चुकतं?

उत्तर : मीपो हा एकाचे चार होणारा हिरो. एक गेला की सगळे गेले, हा त्याचा नियमच आहे. त्यामुळे नजर शत्रूपेक्षा स्वतःच्या चार रक्तपट्ट्यांवर हवी. १ ते ४ या कळांवर एकेक मीपो बांधा, ५ वर सगळे. एक मीपो लांब जंगलात उभा ठेवा. एखाद्याचं रक्त निम्म्यावर आलं की लगेच त्याच्याकडे पूफ करा, म्हणजे गायब होऊन तिकडे निघा. पाव उरेपर्यंत थांबलात तर पूफ होता होताच स्टन बसतो. शत्रूला जखडणाऱ्या जाळ्या मात्र सगळ्यांच्या एकदम टाकू नका, तीन वाया जातात. पहिली सुटत आली की दुसरी, मग तिसरी. अडकलेला गडी हलतच नाही. तेवढ्यात बाकीचे पूफ करून त्याच्या अंगावर येतात, आणि पूफचा मार निघतानाही बसतो, पोचतानाही. समोर अर्थशेकर हा हिरो दिसला तर मीपो घेऊच नका. त्याचा एको स्लॅम हा वार घोळक्यावरच जास्त फुटतो. आधी आठवडाभर बॉट्सशी फक्त दोन मीपो हाताळा. बोटांना सवय लागली की तिसरा जड जात नाही.