उन्हाळ्याच्या अखेरची परसबाग

वैशाख सरत आला की पनवेल परिसरातील जुन्या घरांच्या परसात एक विसंगती नजरेस पडते. विहिरीने तळ गाठलेला असतो, नळाच्या पाण्याची वेळ आखडलेली असते. आणि नेमक्या याच दिवसांत आंबा, फणस, जांभूळ व कोकम फळांनी लगडलेले असतात. मोगरा आणि सोनचाफा बहरात असतात. अनंताच्या कळ्या पहिल्या सरीची वाट पाहत असतात.

या विसंगतीचे कारण मुळांत आहे. मोठ्या फळझाडांची मुळे खोल जातात आणि मागील पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतात. मोगरा, लिंबू, केळ आणि नुकतीच लावलेली कलमे मात्र घरातील माणसांच्या हातून मिळणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतात. म्हणूनच परसबागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. परसबाग टिकविणे म्हणजे घरातील सांडपाण्याचा आणि छपरावर पडणाऱ्या पावसाचा हिशेब ठेवणे होय.

सांडपाण्याचा हिशेब

पनवेलला कोकणचे प्रवेशद्वार म्हणतात. येथे पाऊस भरपूर पडतो. परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. उन्हाळ्याच्या अखेरीस देहरंग धरणाचा साठा खालावतो आणि शहराला अन्य यंत्रणांच्या पाण्यावर विसंबावे लागते. अशा वेळी पिण्याचे पाणी बागेला घालणे कोणालाही परवडणारे नाही.

तथापि अंघोळीला एका माणसास एक बादली, म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी लागते असे धरले, तरी पाच माणसांच्या घरातून दररोज ७५ लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. कोकणातील जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी केळी, कर्दळ आणि अळू लावण्याची रीत होती, ती याच हिशेबातून. हे पाणी खडी व वाळू भरलेल्या चरातून न्यावे आणि कोठेही साचू देऊ नये. साचल्यास डासांची पैदास होते. कपड्यांचे साबणाचे पाणी कोवळ्या रोपांना थेट घालू नये. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी मात्र मोगऱ्याला खुशाल द्यावे.

पाणी सायंकाळी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. नव्या कलमाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवल्यास पाणी हळूहळू पाझरत मुळांशी पोहोचते.

मृगापूर्वीची वेचणी

२५ मेच्या सुमारास रोहिणी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र निघते. त्यापूर्वी फळे घरात यावीत, हा जुना दंडक शास्त्रालाही धरून आहे. पावसात सापडलेल्या आंब्याला फळमाशीचा उपद्रव होतो. तयार आंबा झेल्याने, देठासह उतरवावा आणि पेंढ्यात आढी घालावी. फळमाशीच्या नियंत्रणासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा विकसित केला आहे. झाडाखाली पडलेली किडकी फळे मात्र गोळा करून पुरलीच पाहिजेत.

कोकमाचे गणित तर उन्हाशीच बांधलेले आहे. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवाव्या लागतात, तेव्हा आमसुले होतात. आंबापोळी आणि फणसपोळीलाही कडक ऊन हवे. फणसाच्या आठळ्या राखून ठेवल्या की पावसाळ्यात भाजीला उपयोगी पडतात. या सर्व कामात घरातील स्त्रियांचे श्रम आणि कौशल्य मोठे आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

बी वाळवू नये

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट आहे. भाताचे किंवा कडधान्याचे बी वाळवून ठेवता येते. आंबा, फणस, जांभूळ व कोकम यांचे बी मात्र वाळले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते. फळ खाल्ल्याबरोबर बी पिशवीत लावणे हाच त्यावर उपाय.

आंब्याच्या कोयीपासून उगवलेले झाड मातृवृक्षासारखेच फळ देईल, याची खात्री नसते. त्यासाठी तांबूस पाने असलेल्या कोवळ्या रोपावर पावसाळ्याच्या आरंभी कोयकलम बांधतात. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि ती फुलोरा आल्यावरच ओळखता येतात. म्हणून परसात एखादेच झाड लावावयाचे असल्यास मादी झाडाचे कलम घ्यावे. नर झाड परिसरात असले म्हणजे फळधारणेस मदत होते.

अंगण आणि फरशी

पनवेलची नगरपालिका १८५२ मधील. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तेथे महानगरपालिका झाली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून या परिसराचे रूप पालटत गेले. घरे वाढली ही गरजच होती. परंतु त्यासोबत परस गेले, अंगणात फरशी आली आणि अनेक विहिरी बुजल्या. फरशीवर पडलेला पाऊस गटारात जातो. जी ओल पुढील वैशाखात फणसाला जगविणार, ती जमिनीत मुरतच नाही.

येथे ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांना पुष्कळ करता येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास ते पाणी ५,००० लिटर होते. हे पाणी शोषखड्ड्यात वा विहिरीत सोडण्याची व्यवस्था पावसापूर्वीच व्हावयास हवी. शाळांच्या परसबागांना पोषण आहार योजनेत स्थान आहे. तेथे भाजीपाल्याबरोबर एक शेवगा, एक लिंबू व एक कोकम लावणे कठीण नाही. फक्त मे महिन्याच्या सुटीत त्यांना पाणी कोण घालणार, याची जबाबदारी नावानिशी ठरली पाहिजे. शाळेची बहुतेक रोपे पावसाळ्यात जगतात आणि सुटीत मरतात.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम जुलैत होतात. त्यांच्या यशापयशाचा पडताळा घ्यावयाचा असेल, तर तो पुढच्या मे महिन्यात घ्यावा. त्या दिवशी जी झाडे हिरवी असतील, तेवढीच आपण लावली असे समजावे.