जुन्या जीपगाडीची घरच्या घरीं दुरुस्ती व सुधारणा

तणसाच्या ढिगाजवळ किंवा गोठ्याच्या आडोशाला वर्षानुवर्षें उभी असलेली जुनी जीपगाडी अद्यापि कोठें कोठें दृष्टीस पडते. अशी गाडी पुन्हां चालती करावी काय, करावयाची तर कोणत्या क्रमानें, आणि तिच्यांत नव्या सुधारणा कोठपर्यंत कराव्या, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. सामान्य हत्यारें चालविण्याची संवय असलेल्या शेतकऱ्यास यांतील बरेंचसें काम उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत गांवच्या मिस्त्रीच्या मदतीनें करतां येण्यासारखें आहे.

गाडीची ओळख

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलीस-ओव्हरलँड व फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळशा हिंदुस्थानांत विकल्या गेल्या. पुढें १९४९ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलीस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. म्हणून जुनी जीप म्हटली म्हणजे ती युद्धांतील आहे, शेतीकरितां काढलेली १९४५ नंतरची आहे, कीं १९५३ पासूनच्या उंच टपाची आहे, हें आधीं ठरवावें लागतें. युद्धकाळांतील गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें, १३४ घन इंचांचें व ६० अश्वशक्तीचें असून त्याच्या व्हॉल्व्हा बाजूस असतात. १९५३ च्या नमुन्यांत आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हा वर नेल्यामुळें इंजिन उंच झालें, व म्हणूनच टपही उंच करावें लागलें. पुष्कळ भाग एकमेकांस जुळतात, पण सर्व जुळत नाहींत. यासाठीं भाग विकत घेण्यापूर्वीं जुना भाग सोबत नेऊन ताडून पहावा.

प्रथम कागद, मग पाना

पहिली चाकी सोडण्याआधीं चासीचा व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पहावा. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यांत नव्हता. तेव्हां फार जुन्या गाडीची मूळ नोंदणी मध्यप्रांताच्या किंवा मध्यप्रदेशाच्या अक्षरांखालीं असणें संभवनीय आहे. लष्करी लिलांवांतून आलेल्या गाडीचे लिलांवाचे मूळ कागद जपून ठेवावेत. क्रमांक जुळत नसतील किंवा कागदच नसतील, तर भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयांत चौकशी पुरी होईपर्यंत गाडीवर एक रुपयाही घालूं नये. चकचकीत रंगविलेली पण रस्त्यावर न आणतां येणारी गाडी म्हणजे दाराशीं बांधलेला पांढरा हत्तीच होय.

दुसरा निर्णयही याच वेळीं घ्यावयाचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास करतां येत नाहीं. आणि इंजिन बदलावयाचें तर रीतसर परवानगी व नोंद लागते. उलट, २०२१ च्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलेली व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदतां येते. परंतु तशी गाडी नित्याच्या वापरास किंवा धंद्यास लावतां येत नाहीं. म्हणजे डिझेल इंजिन बसविलें कीं विंटेजचा मार्ग बंद झाला, आणि विंटेज नोंद घेतली कीं धानाचीं पोतीं वाहण्याचा मार्ग बंद झाला. दोन्ही गोष्टी एका गाडीनें साधत नाहींत. कोणती हवी, हें गाडी खोलण्यापूर्वीं ठरवावें. खोलल्यावर ठरविणाऱ्याचा पैसा दोनदां खर्च होतो.

सांगाड्याची परीक्षा

गाडी घेतांना रंगाकडे पाहूं नये. लहान हातोडी घेऊन खालीं शिरावें. चासीच्या दोन्ही तुळया व आडव्या पट्ट्या ठोकून पहाव्या. सणसणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बोदा आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तेथें गंज शिरला असें समजावें. युद्धकाळच्या जीपमध्यें तळपत्र्याखालील पोकळ पट्ट्यांत लांकूड भरलेलें असे. तें लांकूड पाणी धरून ठेवतें व पत्रा आंतून खातें. तसेंच पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनाखालीं खोलगट जागेंत बसविलेली असते. त्या जागेचें छिद्र बुजलें म्हणजे चिखलपाणी सांचून टांकी व तळ दोन्ही सडतात.

येथें एक कडक सूचना द्यावीशी वाटते. पेट्रोलच्या टांकीस घरीं कधींही डाग देऊं नये. रिकाम्या टांकींतील वाफ भरल्या टांकीहून अधिक भयंकर असते, आणि वर्षानुवर्षें कोरड्या दिसणाऱ्या टांकीचाही स्फोट होऊं शकतो. टांकी गळत असेल तर नवीच बसवावी.

खोलतांना प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें, चाक्या व बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठी लावावी. मोबाईल यंत्र आज घरोघरीं आहे. त्याचा याहून चांगला उपयोग नाहीं.

इंजिन

फार दिवस उभें राहिलेलें इंजिन गाडी ओढून सुरू करण्याचा प्रयत्न करूं नये. अडकलेला पिस्टन जोरानें फिरविला तर रिंगा मोडतात. स्पार्क-प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें, कांहीं दिवस मुरूं द्यावें, आणि मग हँडलनें हलक्या हातानें पुढें मागें फिरवून पहावें. फिरूं लागल्यावर जुनें ऑइल काढून, तळची परात धुऊन, नवें ऑइल भरावें. त्यानंतर दाब मोजावा. चारही सिलिंडरांचे आंकडे एकमेकांच्या जवळ असले तर इंजिनास आयुष्य आहे. एखादाच फार खालीं असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग तपासावी.

प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. युद्धकाळच्या इंजिनांत व्हॉल्व्हाची फट ०.०१४ इंच ठेवतात. १९५३ च्या नमुन्यांत आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हेची ०.०१८ व बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हेची ०.०१६ इंच असते. पन्नास-साठ वर्षांत इंजिन एकदां तरी बदललें गेलें असण्याचा संभव असल्यामुळें, फट ठेवण्याआधीं इंजिन कोणतें आहे हें निश्चित करावें.

इंधनाविषयीं एक नवी गोष्ट ध्यानांत ठेवावी. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, व २०२५ पर्यंत हें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचे पडदे मऊ करतें आणि हवेंतील ओल ओढून घेतें. म्हणून नळ्या व पडदे इथेनॉल सोसणारे घ्यावेत, आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवावयाची असल्यास टांकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

चारही चाकांची चाल

वळतांना पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. मऊ मातींत हा फरक चाक घसरून निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाहीं, आणि सर्व ताण गिअर व दांड्यांवर पडतो. यासाठीं पक्क्या कोरड्या रस्त्यावर पुढची चाल सोडलेली ठेवावी. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. दोन नवे व दोन जुने लावणें हेंही वरीलच दोष उत्पन्न करतें. गिअरपेटींत साधें ९० चें जी. एल. ४ जातीचें ऑइल घालावें. त्याहून तिखट ऑइल पितळी भागांस बाधण्याचा संभव असतो.

ब्रेक

न चालणारी गाडी फक्त खिशाचें नुकसान करते. न थांबणारी गाडी माणसाचा जीव घेते. जुन्या जीपचा ब्रेक एकाच तेलवाटेवर चालतो. एका चाकाजवळ थेंब गळूं लागला कीं चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. जीर्णोद्धारांत पैसा कमी पडत असेल तर रंग सोडावा, गादी सोडावी, पण रबरी नळ्या, चाकांवरील सिलिंडर व मुख्य सिलिंडर सर्व नवे बसवावेत. परवानगीच्या मर्यादेंत करतां येणाऱ्या सुधारणांपैकीं दोन वाटांचा मुख्य सिलिंडर ही पहिली समजावी. तींत एक वाट फुटली तरी दुसरी उरते. ब्रेकमध्यें इंजिनाचें ऑइल चुकूनही घालूं नये. त्यानें आंतील रबर फुगतें. ब्रेकचें तेल ओल ओढतें, म्हणून दर दोन वर्षांनीं बदलावें.

हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागील दांड्यावर असतो. याचा परिणाम पुष्कळांस ठाऊक नसतो. मागचें एक चाक जॅकवर उचललें कीं तें मोकळें फिरूं लागतें, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढें सरकते. म्हणून जॅक लावण्यापूर्वीं इतर चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड द्यावेत, व नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही शिरूं नये.

ओढा किंवा नाला ओलांडल्यावर ब्रेक भिजलेले असतात. कांहीं अंतर सावकाश चालवीत, पाय हलका टेकून, ते वाळवावेत.

वीज

मूळ जीप सहा व्होल्टांवर चालते. तेवढाच उजेड पाडण्यास सहा व्होल्टांत बारा व्होल्टांच्या दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून तारा जाड व सांधे स्वच्छ असल्याखेरीज दिवे मिणमिणतात. बारा व्होल्टांवर जावयाचें तर बॅटरी, जनरेटर, कॉइल व सर्व दिवे बदलावे लागतात, आणि मापकांस दाब कमी करणारा भाग जोडावा लागतो. प्रत्येक वाटेस फ्यूज घालावा. युद्धकाळची गाडी डाव्या सुकाणूची असल्यास, कायद्याच्या १२० व्या कलमान्वयें वळण्याची खूण देणारें यंत्र चालू स्थितींत असल्याशिवाय ती रस्त्यावर नेतां येत नाहीं.

शेतावरील उपयोग

जीप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. रोवणीच्या वेळीं चिखलणी केलेल्या बांधींत ती घालूं नये. कन्हार जमिनींत ती धुऱ्याशींच रुतून बसेल. तिचें खरें काम पांधण रस्त्यावर आहे: दिवाळीनंतर खत, बियाणें, पंपाचे पाइप, मजूर व भाजीपाला नेणें. युद्धकाळच्या जीपचें ठरविलेलें ओझें ८०० पौंड, म्हणजे माणसांसह सुमारें ३६० किलो आहे. चालक धरून चाळीस किलोंचीं सात पोतीं भरलीं कीं ती पुरी झाली. आठवें पोतें बैलबंडींत ठेवावें.

एकंदरींत क्रम असा ठेवावा: कागद, सांगाडा, ब्रेक, इंजिन, वीज, आणि सर्वांत शेवटीं रंग. पुष्कळांच्या हातून हा क्रम उलटा होतो, व रंगविलेली गाडी पुन्हां खोलावी लागते. सांगाडा व कागद या दोन परीक्षांत जी गाडी टिकत नाहीं, ती भावनेपोटीं घेऊं नये. त्या पैशांत बांधीचे धुरे दुरुस्त केले तर अधिक फळ मिळेल. जी टिकते, ती मात्र धीरानें, एका वेळीं एक भाग घेऊन, चालती करावी. पहिले कांहीं दिवस ती गांवाच्या शिवेंतच चालवावी, रोज संध्याकाळीं खालीं वाकून गळती पहावी, आणि थांबण्याची खात्री पटल्यावरच तिला महामार्गावर न्यावें.