व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्पीकर बदलताना

माझ्या टेबलावर येणाऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपैकी सगळ्यात खर्चिक दुरुस्ती ज्यांची निघते, त्यांचं दुखणं बऱ्याचदा स्पीकरच्या जोडणीपाशी सुरू झालेलं असतं. ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक गिटारवादक त्याचं ५० वॅटचं जुनं हेड घेऊन आला, तेव्हा तेच झालं होतं. तालमीत त्याला दुसरं कॅबिनेट लावून आवाज ऐकायचा होता. अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम चढलेला, आणि त्याने मागची स्पीकरची पिन उपटली. दुसरी पिन खोचेपर्यंत सोबतचा मुलगा गिटार वाजवतच राहिला.

चासी उघडली तर ईएल३४ च्या सॉकेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनच्या मधे केसाएवढी काळी रेघ. तिसरी पिन प्लेटची, दुसरी फिलामेंटची. ठिणगीने बेकलाइट जाळून वाट केली होती, आणि जळलेल्या बेकलाइटचा कोळसा वीज वाहून नेतो. म्हणून असं सॉकेट खरवडून पुन्हा वापरू नये, बदलावंच. पुढे मीटर लावला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची एक बाजू ओपन. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून घ्यावा लागला. अ‍ॅम्प वाजू लागला, पण मूळचा आवाज परत आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भासवतो. त्या भरवशावरच व्हॉल्व्ह चालतात. स्पीकर काढला की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला जागा उरत नाही. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो, तसाच हा धक्का. चारशे-साडेचारशे व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या प्रायमरीत व्होल्टेज हजाराच्या वर उसळतं आणि जिथे इन्सुलेशन कच्चं असेल तिथे फुटतं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हात बसलेल्यांची इथेच गफलत होते. तिथे स्पीकर नसला तरी सहसा काही बिघडत नाही, शॉर्टला मात्र घाबरायचं. व्हॉल्व्हचं नेमकं उलट. फेंडरच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये मुख्य स्पीकर जॅक रिकामा असला की आतून शॉर्ट होतो, तो ट्रान्सफॉर्मर वाचवायलाच. ही सोय सगळीकडे असेल असं धरून चालू नका. अ‍ॅम्प पूर्ण बंद करा, मगच केबलला हात लावा.

दुसरा मुद्दा ओहमचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ बनला, तो फेंडर बॅसमनच्या सर्किटवरून. बॅसमनमध्ये ८ ओहमचे चार स्पीकर पॅरलल, म्हणजे एकूण २ ओहम. मार्शलचं चार स्पीकरचं कॅबिनेट सहसा १६ ओहमचं. सर्किट जवळजवळ तेच, तरी लोडमध्ये आठपट फरक! तेव्हा 'दोन्ही तसलेच आहेत' या समजुतीवर कॅबिनेटची अदलाबदल करू नका. अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेला आकडा आणि स्पीकरची एकूण बेरीज जुळलीच पाहिजे. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ४, सिरीजमध्ये १६. स्पीकरवरचा छाप पुसला असेल तर केबल सोडवून मीटर लावा. मीटर छापापेक्षा कमी दाखवतो: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७, आणि १६ चा १२-१३ च्या आसपास.

वॅटमध्ये हात आखडू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फाटका आवाज देऊ लागला की छापील वॅटच्या वर जातो, म्हणून एकच स्पीकर असेल तर तो अ‍ॅम्पच्या दीडपट-दुप्पट वॅटचा घ्यावा. केबल स्पीकरचीच, जाड दोन तारांची हवी. गिटारची शील्डेड वायर दिसायला सारखी असली, तरी आतली तार बारीक असते.

कॉम्बोमध्ये चासी स्पीकरच्या डोक्यावर उलटी टांगलेली असते. प्लग भिंतीतून काढा, व्हॉल्व्ह थंड होऊ द्या आणि जागा नोंदवून काढून ठेवा. चासी उघडायची गरज नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून राहू शकतात. स्क्रू काढताना एक हात कोनवर आडवा धरा, कारण चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढतो आणि कागद फाटतो. नवा स्पीकर बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने पिळलं तर सांगाडा वाकतो आणि कॉइल घासू लागते. दोन स्पीकर असतील तर दोन्ही जोडण्याआधी प्रत्येकाच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सेलचा प्लस लाल खुणेला लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला, तर खर्ज गायब होतो आणि लोक विनाकारण स्पीकरला नावं ठेवतात.

पहिल्यांदा वाजवताना व्हॉल्यूम अगदी खाली ठेवा. घरघर किंवा घासल्याचा आवाज आला तर लगेच बंद करून जोडणी तपासा. तसं काही नसेल आणि आवाज फक्त कडक वाटत असेल, तर थांबा. नव्या कोनच्या कडा सैलावायला काही तासांचं वाजवणं लागतं. तोवर पुन्हा स्पीकर बदलण्याची घाई करू नका.