कचऱ्याचा डबा करू नकोस

अंबड, बुधवार

चि. सोनूस,


विद्यापीठातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत तुझं नाव लागल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. माणसाच्या हालचालीला, स्पर्शाला प्रतिसाद देणारी उपकरणं स्वतःच्या हातानं करायची, असा विषय आहे म्हणे. आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवण्यात माझा जन्म गेला. तेवढ्या हक्कावर, न विचारता, चार गोष्टी लिहितोय.

सगळ्यात आधी, हात जवळ नेला की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा करू नकोस. अशा कार्यशाळांत हा डबा हमखास होतो, कारण त्याचं किट मिळतं आणि कोडही आयता मिळतो. टाळ्या पडतात, फोटो निघतो. झाकण उघडायची अडचण नेमकी कुणाला होती, हे मात्र करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात अडचणींना काय तोटा? शेतीपंपाची लाईन रात्रीच्या पाळीला आली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर निघतो. तिथं पोचावं तर लाईन गेलेली, नाहीतर एक फेज गायब. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे आजोबा म्हातारपणीही असेच मोटर चालू करायला शेतात चालत जात. त्यातूनच पुढं ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ निघालं आणि 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. स्टार्टरला मोबाइलची जोड द्यायची आणि घरून फोन लावून आकडे दाबायचे. लाईन आहे का, मोटर चालू झाली का, हे आवाजावरून कळतं. वाचायला काही नाही, नवं यंत्र शिकायला नको. शेतकऱ्याला आधीच येत होतं तेवढ्यावरच सगळं बेतलंय, आणि मला त्याची हुशारी तिथंच दिसते.

दुसरं उदाहरण नाशिकचं, तुझ्यापेक्षा लहान पोराचं. 2003 च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली. पुढच्या कुंभाआधी, 2014 पासून, मूळचे नाशिकचेच असलेले, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं तिथं ‘कुंभथॉन’ नावाच्या कार्यशाळा भरू लागल्या. त्यांत नीलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा होता. पावलांचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई त्यानं केली. 2015 च्या मेळ्यात तिच्यावर 18 तासांत सुमारे पाच लाख लोकांची मोजणी झाली. भाविकाला ना ॲप घ्यायचं होतं, ना बटण दाबायचं. त्यानं फक्त चालायचं. पण अशी चटई करणाऱ्याला काय काय बघावं लागतं, त्याचा विचार कर. पाय अनवाणी, ओले, म्हाताऱ्यांचे, घाईतले. कड बोचली किंवा ती अडखळायला लावणारी निघाली, तर गर्दी मोजणारी वस्तूच गर्दीत अपघात घडवायची. हे गणित कोडमध्ये सापडत नाही, ते रस्त्यावर उभं राहूनच समजतं.

म्हणून पहिला अर्धा दिवस वायरीला हात लावू नकोस. पुठ्ठा घे, स्केचपेन घे आणि बटणं नुसती काढ. आत यंत्र नसलं तरी चालतं. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं पुठ्ठ्यामागे बसून दिवा लावायचा किंवा आवाज काढायचा. मग ते कार्यशाळेबाहेरच्या माणसाला दे. चहावाला, शिपाईकाका, कुणीही चालेल. देताना काही समजावू नकोस. हे मोठं अवघड आहे, जीभ चावून बसावं लागतं. त्याचं बोट आधी कुठं जातं आणि कुठं थबकतं, ते लिहून ठेव. तो ‘छान आहे’ म्हणेल, ते लिहू नकोस.

पाट्या मराठीत ठेव. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक झाला, त्यात अक्षराला बोट लावलं की भोवती बाराखडी उघडते. पहिलीत पाठ केलेलंच तिथं कामाला येतं.

आता माझ्या विषयातलं थोडं. बटण एकदा दाबलं तरी आतले संपर्क थरथरतात आणि यंत्र तीन-चारदा मोजतं. पहिल्या दाबानंतर 50 मिलिसेकंद दुर्लक्ष करायला सांग. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो. मीटरभर जाऊन परत यायला आवाजाला साधारण 6 मिलिसेकंद लागतात. भिंतीसमोर हा सेन्सर झकास चालतो, पण कापसाच्या ढिगापुढं धर, मऊ कापूस आवाज गिळून टाकतो आणि आकडे वेडेवाकडे येतात. जिनिंगसाठी काही करायचं डोक्यात असेल तर हे आधी तपासून घे. टेबलावर चाललेलं आपल्या मे महिन्याच्या उन्हात चालेलच असं नाही, प्रकाशाच्या सेन्सरचं तर विशेष.

आणि एक. गटातली पोरं म्हणतील, ‘तू प्रेझेंटेशन कर, सर्किट आम्ही बघतो.’ ऐकू नकोस. सोल्डरिंग गन आधी तू उचल. अशा सर्किटांना वापरतात तो आर्डुइनोचा बोर्ड 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात निघाला, तोच मुळी डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तेव्हा कुणी त्यावरून भाव खाल्ला तर खुशाल हस.

दोन दिवसांत वस्तू पुरी होणार नाही. अर्धवटच घरी घेऊन ये, किट परत मागितलं तर निदान पुठ्ठा तरी आण. शनिवारी मोसंबीच्या आडतीवर जाऊ, तिथल्या तोलारांच्या हातात ती देऊन बघू. ते तोंडावर बोलतात, तयारी ठेव. ताईकडं माझा जुना मल्टिमीटर आहे, त्याची बॅटरी बदलून घे.

तुझा,
मामा