उसाच्या रसातील साखर आणि वेग-समीकरणाची साक्ष

जोतिबाचा डोंगर, म्हणजे पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी, ज्या परिसरात उभा आहे तो कोल्हापुरी गुळाचा मुलूख. चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते तेव्हा गुऱ्हाळांचा हंगाम सरत आलेला असतो व ऊन कडक झालेले असते. अशा दिवसांत तोडलेला ऊस पडून राहिला की गुळाचा रवा घट्ट होत नाही, हे गुळव्यास अनुभवाने ठाऊक असते. रसातील साखरेचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो. त्यातून द्राक्षशर्करा व फलशर्करा निर्माण होतात, आणि त्यांच्यामुळे गूळ मऊ पडून ओलावा धरतो.

विशेष म्हणजे, रासायनिक क्रियेचा वेग गणिताने मांडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न याच क्रियेवर झाला. १८५० साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी आम्लयुक्त साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला. साखर तो प्रकाश उजवीकडे वळवते, तर विघटनानंतरचे मिश्रण डावीकडे. हे वळण मोजत गेल्यावर आढळले की विघटनाचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. पहिल्या तासात निम्मी साखर गेली, तर पुढच्या तासात उरलेल्याची निम्मी जाते. आम्ल दुप्पट केले की वेगही दुप्पट होतो. आम्ल मात्र खर्ची पडत नाही.

यावरून क्रियेचा मार्ग कसा ताडावा? वेग-समीकरणात साखर व आम्लाचा हायड्रोजन आयन हे दोनच घटक येतात. म्हणजे सर्वांत मंद टप्प्यापर्यंत साखरेचा एक रेणू व एक आयन एकत्र आलेले असतात. आयन साखरेच्या दोन भागांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर त्वरेने बसतो, मग तो बंध सावकाश तुटतो, अशी ही उपपत्ती आहे. पाण्याचे काय? ते इतके विपुल असते की त्याचे प्रमाण बदलतच नाही. म्हणून समीकरण त्याच्याविषयी मौन पाळते. पाणी मंद टप्प्याच्या आधी आले की नंतर, हे केवळ समीकरणावरून सांगता येत नाही. अध्यापकांनी येथे थांबून सांगावे, की वेग-समीकरण चुकीचे मार्ग बाद करते, पण उरलेला मार्ग सिद्ध करीत नाही.

तोडलेल्या उसात याहून निराळा कारभार चालतो. तेथे इन्व्हर्टेज नावाचे विकर काम करते. १९०३ साली व्हिक्टर आंरी यांनी आणि १९१३ साली मिखाएलिस व मेंटेन यांनी दाखविले, की साखर थोडी असता वेग तिच्याबरोबर वाढतो, पण पुढे साखर कितीही वाढविली तरी तो एका मर्यादेवर स्थिरावतो. विकराचा प्रत्येक रेणू साखरेने अडकलेला असतो, हाच त्याचा अर्थ. विकर व साखर यांचा तात्पुरता संयोग प्रत्यक्ष न पाहता केवळ वेगावरून ओळखला गेला. मात्र नेमका कोणता बंध तुटतो, हे कळण्यास जड ऑक्सिजनचा वापर करावा लागला; १९५४ साली कोशलँड व स्टाइन यांनी तो केला.

एकाच विघटनाचे हे दोन मार्ग असल्याने उपायही दोन. सामू एका अंकाने घसरला की आम्लजन्य विघटन दहापट वेगाने होते. म्हणून काहिलीतील रसात चुन्याची निवळी घालतात, पण बेताने, कारण ती जास्त झाल्यास गूळ काळवंडतो. उसातील विकराला मात्र चुना पोहोचत नाही. काहिलीतील उकळीने ते निकामी होते, पण तोपर्यंत उन्हात पडलेल्या मोळ्यांत त्याचे काम चालूच असते. यास्तव तोड त्या दिवसाच्या गाळपापुरतीच करावी आणि मोळ्या सावलीत ठेवाव्यात.